चांगला डोळा झाकताना

आमच्या घरात आळशी डोळे दोन. एक माझ्या थोरल्या भावाचा, दुसरा माझ्या मुलीचा. दादाचा एकोणिसाव्या वर्षी सापडला, मनूचा पाचव्या. मधल्या चौदा वर्षांच्या फरकाने काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते. पण चष्मे, थेंब, पट्ट्या आणि दवाखान्यातली बाकडी यांतून जे कळत गेलं, ते ओळखीपाळखीच्या आयांना फोनवर इतक्यांदा सांगितलं आहे की आता लिहूनच काढावं म्हटलं. आकडे सांगायच्या सोयीसाठी घातलेत, त्यांना मानाचा क्रम समजू नये.

१. मूल सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नसतं.

दादाच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासूनच कमी दिसत असणार, पण घरात कुणाला पत्ता नव्हता. तो क्रिकेट खेळला, विहिरीत मुटका मारायला शिकला, दहावीला बरे मार्क पाडले. १९९८ साली ‘छोटा चेतन’ हा थ्रीडी सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळी भावंडं गॉगल लावून थेटरात बसलो होतो. पडद्यातून वस्तू अंगावर यायला लागल्या की आम्ही किंचाळून मागे सरायचो आणि दादा आमच्याकडे बघून हसायचा. आम्हाला वाटलं, हा शूर आहे!

आमच्या भागात पोरांना भरतीचं वेड असतंच. अपशिंग्यासारखं घरटी एक फौजी देणारं गाव शेजारी असल्यावर दुसरं काय होणार? दादा पहाटे उठून धावला, मैदानात पास झाला, छातीही भरली. मेडिकलला डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला सांगितला, तेव्हा तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, मोठं अक्षर तेवढं दिसलं. तिथेच विषय संपला. घरी येऊन तो आईला म्हणाला, “मला वाटायचं सगळ्यांचाच एक डोळा असा असतो. उजव्या हातासारखा डावा हात तरी कुठं चालतो?”

या वाक्यात काहीच चुकीचं नाही. ज्याने कधी दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट पाहिलेलंच नाही, त्याने तुलना कशाशी करायची?

२. डोळ्यात दोष शोधला तर सापडत नाही.

दादाचा डोळा नंतर किती जणांनी तपासला. पडदा चांगला, नस चांगली, भिंग स्वच्छ, दाब बरोबर. नंबरचा चष्मा दिला तरी वाचता येईना. वडील चिडून म्हणाले, सगळं चांगलं आहे तर दिसत का नाही? त्यांना कुणी नीट उत्तर दिलं नाही. मला ते बऱ्याच वर्षांनी मनूच्या डॉक्टरीणबाईंकडून मिळालं.

आपण जन्मतः नीट बघत नाही, बघायला शिकतो. पहिली सात-आठ वर्षं दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चित्रांवर मेंदू घडत असतो. त्या काळात एका डोळ्याकडून सतत धूसर किंवा भलत्याच दिशेचं चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणंच कमी करतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पिल्लाची एक पापणी शिवून ठेवली आणि मग उघडली. डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देईनात. त्या पेशी दुसऱ्या, कायम उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या वाट्याला गेल्या होत्या. मोठ्या मांजराची पापणी तितकेच दिवस बंद ठेवली तर तसं काही झालं नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. प्रयोग वाचताना पिल्लांसाठी जीव हळहळतो, हे खरं. पण आज कुठल्याही दवाखान्यात “वय किती?” हा प्रश्न पहिला का विचारतात, त्याची मुळं तिथे आहेत.

३. तिरळेपणा दिसतो. नंबरातला फरक दिसत नाही, आणि तोच फसवतो.

दृष्टी अशी मागे राहण्याची कारणं मोजकी आहेत. एक, तिरळेपणा: दोन डोळे दोन दिशांना असले की एकाच्या जागी दोन वस्तू दिसायला हव्यात. तो गोंधळ टाळण्यासाठी लहान मुलाचा मेंदू एका डोळ्याचं चित्र सरळ बाजूला टाकतो. (आलटून पालटून कधी हा, कधी तो डोळा तिरका होणाऱ्या मुलांची दृष्टी सहसा बरी राहते, कारण दोन्ही डोळ्यांना पाळी मिळते. कायम एकच डोळा तिरका असेल तर धोका जास्त.) दुसरं, जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुलीवर उतरलेली पापणी. यात उजेडच आत नीट जात नाही, म्हणून घाई सगळ्यात जास्त. एका डोळ्यात दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हावं लागतं.

आणि तिसरं आमच्या मनूचं. उजव्या डोळ्याचा नंबर अधिक एक, डाव्याचा अधिक साडेचार. बाहेरून बघाल तर दोन टपोरे, सरळ, सुंदर डोळे. आत काय चाललं होतं? प्लस नंबर असला की स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं. दोन्ही भिंगं एकाच हुकमावर, सारखीच फुगतात. उजव्याला थोड्या जोरात स्पष्ट दिसलं की मेंदू तिथेच थांबतो. डाव्याला अजून बराच जोर हवा असतो, तो कधी मिळतच नाही. त्यामुळे जवळचं असो की लांबचं, डावा डोळा दिवसभर धूसरच बघत राहतो. मायनस नंबरात निदान नाकाजवळ धरलेलं पुस्तक तरी त्या डोळ्याला स्पष्ट दिसतं. प्लसमध्ये तेवढीही सोय नाही.

जगभरच्या पाहण्यांत साधारण शंभरातल्या दोन-तीन मुलांना आळशी डोळा आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखादं मूल असू शकतं, आणि बहुधा ते पुढच्या बाकावर बसून सगळं बरोबर उतरवून घेत असतं.

४. एकेक डोळा झाकून तपासलं नसेल तर तपासलंच नाही असं समजा.

बालवाडीत मनूची तपासणी झाली होती. कार्डावर ‘दृष्टी सामान्य’ समोर बरोबरची खूण होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने चित्रं ओळखली, ती उजव्या डोळ्याने. पुढे डोळे आले म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, घरात कुणाला लहानपणापासून एका डोळ्याने कमी दिसतं का, कुणी तिरळं आहे का? मी दादाचं सांगितलं. त्यांनी डोळे बरे झाल्यावर परत बोलावलं.

झाकण्यातही गोम आहे. “हात ठेव डोळ्यावर” म्हटलं की मूल बोटांच्या फटीतून बघतं. लबाडी म्हणून नव्हे, आपण ओळखायला सांगितलंय म्हणून. चिकटपट्टी लावून किंवा आपल्या तळव्याने झाकावं. वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांचा तक्ता असतो: सफरचंद, घर, गोल, चौकोन. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्यूवारिनेन यांनी १९७०च्या दशकात तो तयार केला. आपल्या ओळखीचा अक्षरांचा तक्ता हरमान स्नेलेन यांचा, १८६२चा. त्यावरचं ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून वाचता येणारं अक्षर या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागतं.

आणखी एक गंमत मी स्वतः पाहिली. मनूला डाव्या डोळ्याने एकच एक चित्र दाखवलं तर ती पटकन सांगायची. तेवढंच चित्र ओळीत, शेजारी बाकीची चित्रं ठेवून दाखवलं की अडायची, शेजारचंच सांगायची. आळशी डोळ्याला गर्दी सोसत नाही. म्हणून सुटी अक्षरं दाखवून घेतलेल्या तपासणीवर फार विसंबू नये.

सरकारी सोय आहे, ती मागून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. त्यांच्या यादीत दृष्टिदोष आहे, जन्मजात मोतीबिंदूही आहे. पथक येईल त्या दिवशी आईने किंवा बापाने तिथे हजर राहून “एकेक डोळा झाकून बघा” एवढं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

५. थेंब टाकल्याशिवाय लहान मुलाचा नंबर घेऊ नये.

मुलांच्या भिंगात इतका जोर असतो की प्लस नंबर ती आतल्या आत लपवतात. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर हनुवटी टेकवून आलेला आकडा मोठ्यांच्या बाबतीत ठीक, पाच वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो बराच चुकू शकतो. भिंगाचे स्नायू औषधाने सैल करून, बाहुली मोठी करून मगच खरा नंबर निघतो. काही दवाखान्यांत त्यासाठी अ‍ॅट्रोपिनचं मलम घरून आधी दोन-तीन दिवस लावून यायला सांगतात. मग कित्येक दिवस मूल उन्हात डोळे मिचकावतं, जवळचं धूसर दिसतं म्हणून चिडचिडतं. शाळेत चिठ्ठी द्यावी, टोपी घालावी, गृहपाठ बुडू द्यावा.

६. घरी लक्ष ठेवण्यासारखं थोडंसं.

बाळाचा चांगला डोळा झाकला की ते रडतं, हात झटकतं. दुसरा झाकला तर काहीच म्हणत नाही. उन्हात गेल्यावर नेहमी एकच डोळा मिटतं. टीव्ही बघताना मान एका बाजूला कलती ठेवतं (अशी मुलं आधी हाडांच्या डॉक्टरकडे फिरून येतात). तीन-चार महिन्यांपर्यंत तान्ह्या बाळाची नजर मधूनच भरकटते, त्यात विशेष नाही. त्यानंतरही डोळा आत किंवा बाहेर जात असेल तर दाखवावं. काही बाळांच्या नाकाचा पूल रुंद असतो आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते, म्हणून ती तिरळी भासतात, प्रत्यक्षात नसतात. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, शेजारच्या काकूंनी नाही.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकायची नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल चमक आणि दुसरीत पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. बऱ्याचदा काही निघत नाही. पण मोतीबिंदू असू शकतो, आणि क्वचित पडद्याचा कॅन्सरही. तिथे प्रश्न दृष्टीपुरता राहत नाही.

७. आधी नुसता चष्मा. आणि वाट.

मनूचा नंबर निघाला त्याच दिवशी डोळ्यावर लावायची पट्टी मिळेल या तयारीने मी गेले होते. मिळाला चष्मा, आणि “झोपताना सोडून सतत” एवढंच. धूसर चित्र स्पष्ट झालं की डोळा आपण होऊन काही पायऱ्या वर येतो, त्याला तीन-चार महिने द्यावे लागतात. नंबरातल्या फरकामुळे आळशी झालेले साधारण चौथाई डोळे नुसत्या चष्म्यानेच बरोबरीला येतात, असं अमेरिकेतल्या मुलांवरच्या एका अभ्यासात निघालं आहे. मनू त्या चौथाईत बसली नाही. पण डावा डोळा ६/२४वरून ६/१८वर आला आणि मला धीर आला.

एवढ्याशा पोरीला चष्मा लागला म्हटल्यावर समारंभात बायका हळहळतात. “टीव्ही फार बघते का?” हे ठरलेलं. दुसरं वाक्य कुणी उघड म्हणतं, कुणी नाही: मुलीची जात आहे, पुढे लग्नाच्या वेळी बघायला हवं. मी हसून विषय बदलायचे. चष्मा लपवायचा नाही, फोटो काढताना काढायचा नाही, हे आम्ही घरात ठरवून टाकलं. वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत तो आहे, एकात केकसकट.

८. पट्टी लावणं हे आईचं काम नाही, घराचं काम आहे.

चांगला डोळा झाकायचा, म्हणजे मेंदूला दुसऱ्याकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने १७४३ सालीच तिरळेपणावर लिहिताना ती सुचवली होती. तेव्हापासून तिच्यात फारसा बदल झालेला नाही. बदललं ते किती वेळ लावायची याचं गणित. पूर्वी दिवसदिवस डोळा बांधत. २००३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाने मध्यम दोष असलेल्या मुलांत दोन तास आणि सहा तास यांची तुलना केली, तर चार महिन्यांनी फायदा जवळपास सारखाच निघाला. दोष मोठा असेल तर जास्त तास लागतात. मनूला दोन तासांवर सुरुवात झाली. ऐकायला किती कमी वाटतं! पाच वर्षांच्या मुलीला दोन तास धूसर जगात बसवून बघा.

पहिले काही दिवस रडणं, ओरबाडणं, पट्टी काढून सोफ्याखाली लपवणं. मी ओरडायचे, तिचे बाबा विरघळायचे, मग आमचंच भांडण. शेवटी आम्ही वेळ बदलली. संध्याकाळी ती दमलेली असायची, म्हणून शाळेआधीचा आणि शाळेनंतरचा असे दोन तुकडे केले. सासऱ्यांनी कालनिर्णयवर रोज खूण करायची जबाबदारी घेतली. ज्या दिवशी नाही जमलं तिथे कोरं. त्या कोऱ्या चौकोनांवर कुणी कुणाला बोलायचं नाही, हा नियमही त्यांचाच. उपयोग असा की डॉक्टरीणबाईंनी “रोज लावता ना?” विचारल्यावर घसा खाकरावा लागला नाही, कॅलेंडरच दाखवलं.

पट्टी कातडीला चिकटणारीच घ्यावी. चष्म्याच्या काचेवर कापड लावलं तर मूल नाकाच्या बाजूने, वरून, कुठूनही बघतं. एप्रिलमध्ये घामाने ती सुटते आणि खाली पुरळ येतं. काढताना आधी ओल्या कापडाने भिजवली की केस ओढले जात नाहीत. मध्ये एक-दोन दिवस कातडीला सुट्टी लागली तर डॉक्टरांना विचारून द्यावी.

दोन तास करायचं काय? आमच्याकडे मटार सोलणं चाललं, मण्यांच्या माळा चालल्या, ‘किशोर’ मासिकातली कोडी चालली. पण सगळ्यात रमली ती ठिपक्यांच्या रांगोळीत. सासूबाई कागदावर ठिपके काढून द्यायच्या, मनू ते जोडायची. पहिल्यांदा रेघ ठिपक्याला सोडून भलतीकडेच जायची, पुढे नेमकी टेकायला लागली. मी फार खूश झाले, हीच जादू म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. मग वाचनात आलं की जवळचं बारीक काम करणारी मुलं आणि लांबचं बघत बसलेली मुलं यांची तुलना २००८ साली झाली होती आणि फरक काही पडला नव्हता. म्हणजे कामाचा डोळा उघडा असणं महत्त्वाचं, मग समोर रांगोळी असो की कार्टून. तरीही मी ठिपके सोडले नाहीत. कार्टूनच्या दोन तासांनंतर टीव्ही बंद करायचं दुसरं युद्ध असतं.

पट्टी अगदीच सोसत नसेल तर अ‍ॅट्रोपिनचा पर्याय असतो. चांगल्या डोळ्यात थेंब टाकून त्यालाच जवळचं धूसर दाखवायचं. मध्यम दोषात तोही जवळपास तितकाच गुणकारी ठरला आहे. पण बाहुली मोठी राहिल्याने ऊन बोचतं, आणि ताप, तोंड कोरडं पडणं, चेहरा लाल होणं असं काही झालं तर थेंब थांबवून लगेच कळवायचं असतं. बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

अधूनमधून माशीच्या चित्राची परीक्षा व्हायची. खास चष्मा लावून पुस्तकातली मोठी माशी बघायची आणि तिचे पंख चिमटीत धरायचे. ज्याचे दोन्ही डोळे मिळून काम करतात त्याला पंख कागदापासून वर उचललेले दिसतात आणि तो हवेतच चिमूट धरतो. पहिल्या वेळी मनूने बोट सरळ कागदावर टेकवलं. पट्टी सुरू होऊन बरेच महिने झाल्यावर एकदा तिने हात मागे घेतला, “ई, ही खरी आहे!” मला तेव्हा दादाचं थेटरातलं हसणं आठवलं.

९. आजीच्या भीतीतही कधी तथ्य असतं.

“चांगला डोळा बांधून ठेवलास तर तोही जाईल ना गं,” असं सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. मला राग आला. डॉक्टरीणबाईंना मात्र आला नाही. त्या म्हणाल्या, आजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. लहान वयात पट्टीचा अतिरेक झाला तर चांगला डोळा मागे पडू शकतो, म्हणून तर दर काही आठवड्यांनी बोलावून दोन्ही डोळे मोजतो. तारीख चुकवायची नाही ती यासाठी. सासूबाईंनी घरी येऊन हे मला पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.

बाकीच्या गोष्टींना तथ्य नाही. पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांकडे बघून बाळ तिरळं होत नाही. गाजर खाऊन आळशी डोळा जागा होत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर होणारा रातांधळेपणा हा वेगळाच आजार आहे. तिरळी नजर भाग्याची, म्हणून तिला हात लावू नये, हेही एका मावशींनी सांगून झालं. आणि मध, तूप, घरगुती अंजन डोळ्यात घालणं यात तर नुसता फायदा नाही असं नव्हे, डोळ्याला इजा व्हायची भीती असते.

१०. तिरळेपणाचं ऑपरेशन आणि दृष्टी या दोन गोष्टी आहेत.

दवाखान्यात बसून मला हे उशिरा उमगलं. शेजारी एक मुलगा असायचा, त्याचे डोळे आत वळलेले. प्लसचा चष्मा घातला की सरळ, काढला की पुन्हा आत. जास्त जोर लावून बघताना त्याचे डोळे आत ओढले जात होते, चष्म्याने तो जोर वाचवला. त्याला ऑपरेशन लागलंच नाही. काहींना लागतं. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, त्यांतला एखादा मागे सरकवून किंवा आखूड करून नजर सरळ करतात. डोळा बाहेर काढून ठेवत नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण त्या बाकड्यावर मी ते भीतीने विचारलेलं ऐकलं आहे. पण सरळ झालेला डोळा आपोआप बघायला लागत नाही. आळशीपणा असेल तर चष्मा, पट्टी हे सगळं बहुतेकदा आधी आणि पुष्कळदा नंतरही असतंच.

तिथेच विशी-बाविशीतल्या मुली दिसायच्या, स्थळं यायला लागल्यावर आणलेल्या. त्यांचे डोळे सरळ होतात, वाकड्या नजरांपासून सुटका होते, आणि ती काही लहान गोष्ट नाही. पण लहानपणीच आणलं असतं तर दृष्टीही वाचली असती.

चेहऱ्यावरच्या डोळ्याचं आपण काय करून ठेवतो ते बघा. ललिता पवार नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला आणि पुढे आपण त्यांना खाष्ट सासू आणि मंथरा म्हणूनच ओळखलं. त्यांनी त्या भूमिका अजोड केल्या, पण वाकडा डोळा म्हणजे वाकडं मन हे समीकरण आपल्या पिढ्यांनी पडद्यावरून घरात आणलं. वर्गात मनूला पट्टीवरून चिडवलं गेलं तेव्हा तिच्या बाईंनी भाषण दिलं नाही. सगळ्यांना एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. त्या खेळात आणखी एक मुलगा सापडला.

११. वय उलटलं म्हणून दार बंद झालंच असं नाही, पण दादाला खोटी आशाही कुणी दाखवली नाही, हे बरं झालं.

सातव्या वर्षानंतर काही उपयोग नाही असं पूर्वी सरसकट सांगत. २००५ सालच्या एका मोठ्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या बऱ्याच मुलांची दृष्टी सुधारली, आणि आधी कधीच उपचार न झालेल्या तेरा ते सतरा वयाच्या काही मुलांचीही. म्हणून नववीतल्या मुलाचा डोळा सापडला तरी प्रयत्न करावा. सुसान बॅरी या अमेरिकन प्राध्यापिकेला लहानपणापासून तिरळेपणा होता, ऑपरेशनं झाली होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नजरेच्या व्यायामानंतर, तिला पहिल्यांदा जगाची खोली दिसली. मी हे दादाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. पण तिचे दोन्ही डोळे सुटेसुटे चांगलं बघत होते, अडचण त्यांच्या एकत्र येण्याची होती. दादाचं तसं नाही. लेझरने नंबर घालवणाऱ्यांकडेही तो जाऊन आला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, नंबर जाईल, दृष्टी चष्म्याने जेवढी दिसते तेवढीच राहील.

आमचे वडील मात्र क्रिकेटपटू पतौडींचं उदाहरण देत राहायचे. १९६१ साली अपघातात उजवा डोळा गेला आणि पुढच्याच वर्षी एकविसाव्या वर्षी भारताचा कप्तान! खरं आहे, आणि थक्क करणारं आहे. पण पतौडी वीस वर्षं दोन्ही डोळ्यांनी चेंडू बघून तयार झाले होते. आणि दादालाही एका डोळ्याने जगण्यात तशी अडचण आलेली नाही. तो गाडी चालवतो, अंतराचा अंदाज हालचालीवरून, सावलीवरून घेतो. किटलीतून छोट्या कपात चहा ओतताना काठाला किटली टेकवतो, एवढंच.

त्याला आता सांभाळायचा आहे तो चांगला डोळा. तो एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, तिथे ठिणग्या आणि लोखंडाचा कीस रोजचा. पूर्वी गॉगल कपाळावर असायचा. आता सहजासहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा तो चांगल्या डोळ्याला नंबर नसतानाही दिवसभर घालतो, ग्राइंडरवर त्यावर आणखी गॉगल. मनूच्या चष्म्यालाही त्याच काचा आहेत. दिवाळीत फटाके उडवणाऱ्यांच्या घोळक्यात आमच्या घरचे दोघं मागे उभे असतात, त्यावर कुणी हसलं तर हसू दे.

१२. पट्टी एकदम सोडायची नाही, आणि भावंडांना विसरायचं नाही.

मनूचा डावा डोळा ६/९वर येऊन थांबला. तास वाढवूनही पुढे गेला नाही. मला ६/६ हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला मी यश म्हणते. उपचार थांबल्यावर पहिल्या वर्षात साधारण चौथाई मुलांचा डोळा थोडा मागे घसरतो, म्हणून त्यांनी पट्टीचे तास हळूहळू कमी केले. नंतरही तपासणी सुरूच आहे, चष्मा तर आहेच. एकदा सुट्टीत गावाला तो विसरला आणि पंधरवडा तसाच गेला, तर पुढच्या तपासणीत एक ओळ कमी आली होती. मग काही आठवडे पुन्हा पट्टी.

आळशी डोळा आणि तिरळेपणा घराण्यात येतो. एकाला निघाला की बाकीच्यांना दाखवून आणायचं, त्यांना काही होत नसलं तरी. दादाचा धाकटा तीन वर्षांचा झाला त्या आठवड्यात दादा स्वतः रजा टाकून त्याला घेऊन गेला. पोराने सफरचंद, घर, गोल, चौकोन, सगळं दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं ओळखलं. थेंब टाकून बघितल्यावर दोन्हीकडे सारखाच किरकोळ प्लस निघाला, या वयात असतो तेवढा. चष्मा नाही. पुढची तारीख वर्षभरानंतरची.